नाकाताची लोकप्रियता फॉलोअर मोजून कळणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या क्रीडा पानावर जपानी फुटबॉलपटूंची लोकप्रियतेनुसार क्रमवारी छापली आहे. तीत केइसुके होंडा पहिला, शिन्जी कागावा दुसरा आणि हिदेतोशी नाकाता सहावा. शुनसुके नाकामुरा त्याच्या वर आहे आणि शिन्जी ओनोला पहिल्या दहांत जागाच नाही. आधार काय, तर खाली बारीक अक्षरांत दोन ओळी: समाजमाध्यमांवरचे फॉलोअर आणि गूगलवरचे शोध. नाकाता सहावा का, असे भांडण करायला हे पत्र लिहिलेले नाही. नीट मोजले तर तो खालीही जाऊ शकेल. पण ज्या फूटपट्टीने मोजले ती तो खेळत होता तेव्हा तयारच झालेली नव्हती. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो आहोत. पत्र लांबले आहे, ते काटछाट न करता छापावे ही विनंती.

तारखांपासून सुरुवात करू. नाकाताने ३ जुलै २००६ रोजी, वयाच्या २९ व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. ट्विटरवरचा पहिला संदेश त्याच वर्षीच्या २१ मार्चचा, आणि इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये आले. होंडाने इटलीच्या एसी मिलान क्लबची १० नंबरची जर्सी घातली जानेवारी २०१४ मध्ये. तोवर मैदानावर जे घडेल ते तासाभरात फॉलोअरच्या आकड्यात दिसू लागले होते. नाकाताचा गोल आणि नाकाताचा फॉलोअर यांची गाठ पडायला वावच नव्हता.

शिवाय हा गडी पत्रकारांपासून चार हात लांब राहणारा. जानेवारी १९९८ मध्ये राष्ट्रगीताबद्दलचा एक शेरा त्याच्या नावावर छापून आला, त्यावरून जपानमध्ये उजव्या गटांनी रान उठवले आणि त्याने वर्तमानपत्रांशी बोलणे जवळपास थांबवले. सांगायचे ते स्वतःच्या संकेतस्थळावर लिहायचा. निवृत्तीची बातमीसुद्धा त्याने तिथेच दिली, पत्रकार परिषद घेतली नाही. म्हणजे चाहत्याशी थेट बोलण्याची आजची रीत त्याने फार आधी वापरली, पण त्या वाचकांची बेरीज आज कुठल्याही यादीत येत नाही.

आता गूगलचे शोध. कोणते नाव किती शोधले जाते ते दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्समधली माहिती जानेवारी २००४ पासूनची आहे. नाकाताचा बहराचा काळ १९९७ ते २००२. म्हणजे डाव अर्धा होऊन गेल्यावर धावफलक लावायला घेतला, अशी गत. २००४ नंतर नाकाता बोलोन्या, फिओरेंतिना आणि बोल्टन अशा क्लबांत फिरत होता, दुखापतींनी बेजार होता. नाकामुराचा स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबमधला सुवर्णकाळ मात्र २००५ ते २००९, म्हणजे पूर्णपणे या आलेखाच्या आत येतो. होंडा आणि कागावा तर आलेखाबरोबरच मोठे झाले.

त्यातही वाचकांनी स्वतः पडताळायचे ठरवले तर कुठे घसरायला होते ते सांगतो. ट्रेंड्सचा आकडा हा शोधांची संख्या नसतो. निवडलेल्या काळातला सर्वांत उंच बिंदू १०० धरून बाकीचे त्याच्या प्रमाणात दाखवतात. पाच नावे एकदम टाकली आणि त्यांतल्या एकाचे जून २००६ किंवा जून २०१० मध्ये शिखर असले, की उरलेले चौघे जमिनीला चिकटतात आणि २ व ३ असे आकडे दिसू लागतात. त्या दोन आणि तीनमध्ये फरक आहे असे मानून क्रम लावणे चुकीचे, कारण हे आकडे नमुन्यावरून काढलेले आणि पूर्णांकात आणलेले असतात. दुसऱ्या दिवशी तीच तुलना पुन्हा केली तर ते बदलू शकतात. उपाय असा की विश्वचषकाचे महिने वगळून वर्षावर्षाचे तुकडे पाडायचे, आणि दर वेळी एक समान नाव संदर्भासाठी ठेवायचे. आलेखावर १ जानेवारी २०१६ आणि १ जानेवारी २०२२ पाशी सूचना येते की माहिती गोळा करण्याची पद्धत सुधारली. त्या रेघांच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे सरळ एकमेकांना भिडवू नयेत.

नाव कोणत्या लिपीत टाकले यावरही सगळे बदलते. रोमन लिपीत टाकाल तर जपानी चाहते बाहेर राहतात. जपानी लिपीत नुसते आडनाव टाकाल तर कोजी नाकाता मिसळतो. हा कोजीही २००२ आणि २००६ या दोन्ही विश्वचषकांच्या संघांत होता, पुढे मार्सेल आणि बाझलकडून खेळला. नाकामुराचे तसेच: शुनसुकेबरोबर कावासाकीचा केन्गो नाकामुरा येतो, जो २०१६ चा जे-लीगचा, म्हणजे जपानी लीगचा, सर्वोत्तम खेळाडू. ‘शोधशब्द’ न निवडता ‘विषय’ निवडला तर लिपीचा घोळ बराच मिटतो, पण मग दुसरा येतो. नाकाताने २०१५ मध्ये साकेच्या, म्हणजे तांदळापासूनच्या जपानी मद्याच्या, व्यवसायासाठी कंपनी काढली आणि जपानभरच्या मद्यशाळा पालथ्या घातल्या. तोक्योत त्याच्या पुढाकाराने साकेचा मोठा मेळा भरतो. आज त्याचे नाव शोधणारा फुटबॉल शोधतो आहे की दारू, हे ट्रेंड्स सांगत नाही.

आणखी एक गोष्ट, आपल्याकडे फारशी लक्षात न येणारी. जपानमध्ये २००० च्या दशकात इंटरनेटचे मुख्य दार गूगल नव्हते, याहू जपान होते. तिथे टाइप केलेले नाव गूगलच्या हिशेबात धरले जात नाही. विकिपीडियाच्या पानांना किती जण भेट देतात ते पाहावे म्हटले तर ते सहज मिळणारे आकडे जुलै २०१५ पासूनचे. थोडक्यात, नाकाताला न्याय देईल असे एकही फुकट साधन ऑनलाइन नाही, आणि आपल्या क्रमवारीने नेमकी तीच साधने वापरली आहेत.

मग तो लोकप्रिय होता याला पुरावा काय? पुरावा आहे, पण तो बाजारात आणि दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकात शोधावा लागतो.

१३ सप्टेंबर १९९८ रोजी नाकाता पेरूजा क्लबकडून सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये, उतरला. समोर गतविजेता युव्हेंटस. पेरूजा ४-३ ने हरला, पण नाकाताने दोन गोल केले. त्या मोसमात ३३ सामने, १० गोल. त्याआधी काझुयोशी मिउरा १९९४-९५ मध्ये जेनोआकडे गेला होता. सेरी आमधला तो पहिला जपानी; २१ सामन्यांत एक गोल करून परतला. म्हणजे जपानी खेळाडू इटलीत जातो ही गंमत जुनी झाली होती. तो तिथे संघ चालवतो, हे नवीन होते.

आता घड्याळ पाहा. इटलीत रविवारी दुपारी तीन-चारला सुरू होणारा सामना जपानमध्ये रात्री दहा-अकराला दिसतो. दुसऱ्या दिवशी कामावर जाणारा माणूसही तेवढे जागतो. याच्या उलट नाकामुराचा सर्वांत मोठा क्षण घ्या. २१ नोव्हेंबर २००६, ग्लासगो, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ८१ व्या मिनिटाची फ्री किक, डाव्या पायाने, तीस यार्डांच्या आसपासवरून, भिंतीवरून वळून वरच्या कोपऱ्यात. सेल्टिक १-० ने जिंकला आणि चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळांत पोहोचला. सामना ब्रिटनच्या वेळेनुसार रात्री पावणेआठला सुरू झाला होता, म्हणजे जपानमध्ये बुधवारी पहाटे पावणेपाचला. गोल झाला तेव्हा तोक्योत सकाळचे सव्वासहा वाजून गेले होते आणि लोक कामावर निघायच्या तयारीत होते. ओनोचे तेच: ८ मे २००२ रोजी रॉटरडॅममध्ये त्याच्या फेयेनूर्द या डच क्लबने जर्मनीच्या डॉर्टमुंडला ३-२ ने हरवून यूएफा चषक जिंकला, सहकारी तोमासनच्या गोलला पास ओनोचा, आणि जपानमध्ये तेव्हा पहाटेचे चार-पाच. खेळ कमी नव्हता, वेळ वाईट होती. डच लीगचे रविवारचे सामने जपानमध्ये रात्री साडेदहाच्या सुमारास येत, तीही सोयीची वेळ. पण नव्वदच्या दशकाअखेर सेरी आला जी झळाळी होती तिच्यापुढे डच लीग टिकणे शक्य नव्हते.

बाजाराचा आकडा हवा असेल तर हा घ्या: २००१ मध्ये पार्मा या इटालियन क्लबने नाकातासाठी रोमा क्लबला सुमारे २.८ कोटी युरो मोजले. आशियाई खेळाडूसाठी दिलेली ती सर्वाधिक रक्कम २०१५ पर्यंत कायम राहिली, कोरियाचा सोन ह्युंग-मिन इंग्लंडच्या टॉटनहॅमला जाईपर्यंत. चौदा वर्षे! २००२ च्या विश्वचषकाआधी नायकीने २४ खेळाडूंची, तिघातिघांचे आठ संघ असलेली जाहिरात काढली. तीत दोनच आशियाई होते, कोरियाचा सोल की-ह्यून आणि नाकाता. नाकाताच्या संघात तोत्ती आणि आँरी. शर्टांच्या विक्रीचे जे आकडे फिरतात त्यांवर मात्र आमचा विश्वास नाही. पेरूजाच्या सामन्यांना जपानी पर्यटकांच्या झुंडी येत आणि ७ नंबरचा शर्ट दुकानात उरत नसे, इथवर ठीक. पण क्लबने सांगितलेला आकडा म्हणजे क्लबची जाहिरात, तो क्रमवारीत घालू नये.

या सगळ्यावरून नाकाता सर्वांचा लाडका होता, असे कोणी समजू नये. प्रसिद्ध आणि लाडका यांत अंतर असते आणि आपल्या क्रमवारीने तेच पुसले आहे. जपान आशियाई चषक जिंकला २००० मध्ये आणि पुन्हा २००४ मध्ये. नाकाता या दोन्हींपैकी एकाही संघात नव्हता. नाकामुरा दोन्हींत होता, २००४ च्या स्पर्धेत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. ७ जून २००१ रोजी योकोहामात मुसळधार पावसात कॉन्फेडरेशन्स चषकाची उपांत्य लढत नाकाताच्या फ्री किकवर जिंकली, आणि अंतिम सामना न खेळता तो रोमला परतला. त्याच्या तेव्हाच्या क्लबचे, रोमाचे, सेरी आ विजेतेपद दाराशी आले होते. घरच्या प्रेक्षकांपुढे फ्रान्सविरुद्धची अंतिम लढत जपान १-० ने हरला. जपानचा प्रशिक्षक त्रुसिएलाही हे रुचले नव्हते.

रोममध्ये तरी तो नियमित खेळत होता का? नाही. जागा तोत्तीची, आणि युरोपाबाहेरच्या खेळाडूंवर मर्यादा असल्यामुळे तो कित्येकदा संघाबाहेरच बसे. हा नियम ऐन मोसमात, मे २००१ मध्ये, सैल झाला. लगेचच ६ मे रोजी तुरीनला युव्हेंटसविरुद्ध रोमा ०-२ ने मागे असताना त्याला तोत्तीच्या जागी उतरवले. ७९ व्या मिनिटाला त्याने लांबून मारलेला चेंडू थेट जाळ्यात. भरपाई वेळेत त्याचाच फटका युव्हेंटसचा गोलरक्षक फान डर सारने अडवला तो रोमाच्या मोंतेलाच्या पायात, २-२. मोसमाअखेर रोमाचे ७५ गुण, युव्हेंटसचे ७३. तो सामना हरला असता तर ७४ विरुद्ध ७५ झाले असते. अर्ध्या तासाच्या खेळावर रोमवासी आजही त्याचे नाव घेतात. सेरी आमधल्या त्याच्या १८२ सामने व २४ गोलांचा एरवीचा हिशेब क्वचितच कुणाला पाठ असेल.

राष्ट्रीय संघाच्या सामन्यांवरून लोकप्रियता ठरवायची म्हटले तर यासुहितो एन्दो पहिला: १५२ सामने. त्याच्यामागच्यांतली काही नावे: मकोतो हासेबे ११४, नाकामुरा आणि होंडा प्रत्येकी ९८, मिउरा ८९, नाकाता ७७, ओनो ५६. एन्दो हा उत्कृष्ट मिडफिल्डर, पण जपानबाहेर रस्त्यात उभा राहिला तर ओळखेल कोण? ओनोचे आकडे जुलै १९९९ च्या गुडघ्याच्या दुखापतीने खाल्ले. पहिल्या स्पर्शाबाबत मात्र जपानमध्ये ओनोपुढे कोणी नाही, हे त्याचे समकालीन खेळाडूच सांगतात. खेळाडूंमध्ये मतदान घेतले तर आमच्या मते तो नाकाताच्या वर येईल. आपल्या यादीत तो अजिबातच नाही. भारताशीही त्याचा संबंध आहे: ८ सप्टेंबर २००४ रोजी कोलकात्यात जपानने भारताला ४-० ने हरवले त्या विश्वचषक पात्रता सामन्यात एक गोल ओनोचा होता. मध्यंतरात सॉल्ट लेकचे दिवे गेले आणि खेळ खोळंबला, तोच सामना.

पुरस्कारांचेही असेच. आशियातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून नाकाता १९९७ आणि १९९८ असे दोनदा, ओनो २००२ मध्ये, नाकामुरा एकदाही नाही. स्कॉटलंडमध्ये खेळाडूंच्याच मतदानाने वर्षाचा सर्वोत्तम ठरलेला माणूस आशियात नाही, कारण त्या काळात आशियाई महासंघ पुरस्कार समारंभाला हजर राहणाऱ्यालाच देत असे, आणि युरोपात मोसम ऐन भरात असताना क्लब कशाला सोडेल? आशियाबाहेर खेळणाऱ्यांसाठी वेगळा पुरस्कार २०१२ मध्ये सुरू झाला, तो पहिल्यांदा कागावाला मिळाला. पेलेने २००४ मध्ये निवडलेल्या १२५ खेळाडूंत जपानचा एकटा नाकाता आहे, पण ती एका माणसाची पसंती.

मिउराबद्दल एकच वाक्य आपल्या लेखात आहे आणि तो ‘जुन्या पिढीचा’ म्हणून यादीतून वगळला आहे. तो तर अजून निवृत्तही झालेला नाही. जन्म १९६७ चा. त्याचे प्रेम कुठून येते ते १६ नोव्हेंबर १९९७ च्या मलेशियातल्या जोहोर बारूच्या विश्वचषक पात्रता सामन्यात दिसते. इराणविरुद्ध जपान १-२ ने मागे. ६३ व्या मिनिटाला दोन्ही आघाडीवीर एकदम बदलले. फलकावर आपला नंबर पाहून मिउरा स्वतःच्या छातीकडे बोट दाखवतो, ‘मी?’. पुढच्या तासाभरात नाकाताच्या क्रॉसवर बरोबरी, आणि त्याच्याच फटक्याच्या परतीवर ओकानोचा गोल्डन गोल, म्हणजे जादा वेळेत सामना तिथेच संपवणारा गोल. जपान प्रथमच विश्वचषकात. संघ नाकाताचा झाला तो त्या सामन्यापासून. जून १९९८ मध्ये, ज्या विश्वचषकासाठी आयुष्य घातले त्याच्याच संघातून मिउराला वगळले, तेव्हापासून जपानी माणसाच्या मनात त्याची एक जागा आहे. ती कुठल्या फॉलोअरच्या आकड्यात सापडायची नाही.

तुलना करायचीच तर अशी करावी, असे आम्ही सुचवतो. तारीख समान न धरता कारकिर्दीचे वर्ष समान धरा: युरोपात गेल्यापासूनची पहिली पाच वर्षे. नाकाताची १९९८ ते २००३, ओनोची २००१ ते २००६, नाकामुराची २००२ ते २००७, होंडाची २००८ ते २०१३. या सगळ्या काळात सारखेच उपलब्ध असलेले साधन म्हणजे वर्तमानपत्र. असाही आणि योमिउरी यांचे शोधता येणारे संग्रह ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून पूर्ण मजकुरासह आहेत. सशुल्क आहेत, पण मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून पाहता येतात. दर वर्षी खेळाडूच्या नावाच्या बातम्या मोजा आणि त्या वर्षीच्या एकूण फुटबॉल बातम्यांनी भागा, कारण २००२ मध्ये फुटबॉलचीच पाने वाढली होती. इथे एक खाच आहे. संघात दोन नाकाता असले की जपानी वर्तमानपत्रे गोलफलकात आडनावापुढे पहिल्या नावाचे एकच अक्षर लावतात. दोन नाकामुरांचेही तेच. पूर्ण नावाने शोधले तर अशा शेकडो नोंदी सुटतील, म्हणून दोन्ही रूपांनी शोधून दुबार आलेल्या वजा कराव्या लागतात. जपानी वाचता येणारा एक माणूस सोबत घ्या, काम चार-सहा दिवसांचे आहे. कामामोतो आणि ओकुदेरा या जुन्या जपानी खेळाडूंची या पद्धतीने तुलना होणार नाही, त्यांचा काळ संग्रहाच्या आधीचा.

प्रदेशही ठरवा. जपान, इटली, स्कॉटलंड आणि भारत यांची उत्तरे चार येतील. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाने मैदानावर सर्वाधिक पाहिलेला जपानी खेळाडू बहुधा अराता इझुमी असेल. महिंद्र युनायटेड आणि मग पुणे एफसीकडून खेळलेला, भारतीय नागरिकत्व घेऊन २०१३ मध्ये भारताकडून उतरलेला. बालेवाडीत मोजले तर तो होंडालाही मागे टाकेल, आणि ते खोटे ठरणार नाही.

शेवटी एक दुरुस्ती, ती तरी जरूर छापावी. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘हिदेतोशी नाकाता, विश्वचषक २००२’ असे दिले आहे. निळ्या जर्सीवर १६ आकडा स्पष्ट दिसतो. त्या स्पर्धेत १६ नंबर कोजी नाकाताचा, डाव्या पायाचा बचावपटू. हिदेतोशीचा नंबर ७. आणि चौकटीत ‘१० नंबर नाकामुराचा’ असे म्हटले आहे तेही चूक. नाकामुराला त्रुसिएने २००२ च्या संघात घेतलेच नव्हते. १० नंबरची जर्सी ३४ वर्षांच्या मासाशी नाकायामाकडे होती.

कळावे.

आशियाई फुटबॉलचे काही वाचक, पुणे